रविवारची तीन मिनिटं

"भाऊ, तीन मिनिटं. चवथं लागलं तं मले ओढून बाहीर काढजा."

हे ती दर रविवारी बरोबर पाच वाजता म्हणायची. म्हणता म्हणता मनगटावरचं घड्याळ सोडायची, केबिनमध्ये फोनशेजारी उभं करून ठेवायची, ओढणीनं कपाळ पुसायची आणि मग नंबर लावायची. माझ्या बूथमध्ये लाल आकड्यांचं मीटर होतं, भिंतीवर चांगलं घड्याळ होतं, पण भरवसा फक्त स्वतःच्या घड्याळावर! मला सुरुवातीला राग यायचा. अरे, आम्ही काय इथं लुटायला बसलो आहोत? पुढं कळलं की माझ्याशी तिचं काहीच भांडण नव्हतं. भांडण होतं ते त्या चौथ्या मिनिटाशी.

गोष्ट नव्वदीच्या दशकाच्या शेवटाची. चामोर्शीहून मार्कंड्याला जाणाऱ्या रस्त्यावर माझा एसटीडी-आयएसडीचा बूथ होता. आज त्या जागेवर मोबाईलची कव्हरं विकली जातात, तीही मीच विकतो. ती आली होती पोलंडहून. दोन विद्यापीठांचा अदलाबदलीचा करार होता. त्यांची एक पोरगी इकडं, आपला एक पोट्टा तिकडं, दहा महिन्यांसाठी. अभ्यास आमच्या भागातल्या जुन्या तलावांचा आणि त्यातल्या मासेमारीचा, म्हणून नाव नागपुरात आणि मुक्काम आमच्या गावी. तो तिकडं गेलेला पोट्टा कसा निघाला कोण जाणे, पण या अदलाबदलीत आपण फायद्यात राहिलो, हे मी छातीठोक सांगतो. तिचं नाव इथं लिहीत नाही. ते तिचं आणि तिच्या घरच्यांचं आहे. गावात बायका तिला आधी 'विदेशी पोट्टी' म्हणत, महिन्याभरात नुसतं 'पोट्टी' म्हणू लागल्या.

ती राहायची बूथच्या मागं, तलावाच्या काठाला, एका मच्छी विकणाऱ्या विधवा बाईच्या घरी. या बाईंना सगळं गाव 'बाई'च म्हणायचं, त्यामुळं मीही तेच म्हणतो. पोट्टी पुस्तकातली हिंदी घेऊन आली होती. ती पंधरा दिवसांत बाजूला पडली आणि बाईच्या तोंडची बोली तिच्या तोंडी बसली. नागपूरचे तिचे सर एकदा भेटायला आले, तर तिनं त्यांना विचारलं, "काऊन जी सर, जेवले का नाई?" सर माझ्याकडं बघत राहिले. मी म्हटलं, माझा काही संबंध नाही.

काटकसर मी आयुष्यभर पाहिली आहे. मी स्वतः आगपेटीच्या काड्या मोजणारा माणूस. 'तुमच्या हातून मीठ सुटत नाही' असं माझी बायको लग्नापासून म्हणत आली आहे. पण या पोट्टीपुढं मी उधळ्या ठरलो. आठवडी बाजारात ती दिवस कलल्यावर जायची, विकणारे पोती झटकायला लागले की. उरलेली वांगी, दबलेले टमाटे, कोमेजलेली मेथी, सगळं एका पिशवीत, मिळेल त्या भावात. तांदूळ न घेता कनकी घ्यायची, म्हणजे गिरणीत तुटून पडलेला बारीक चुरा. साबणाची वडी आणली की दोऱ्यानं तिचे चार तुकडे करायची आणि तीन कागदात बांधून ठेवायची. बाईसाठी हापशीवरून पाणी भरायची, त्या बदल्यात बाईची चूल वापरायची.

एसटीचं तर विचारूच नका. भाडं टप्प्यावर असतं हे तिनं आठवड्यात ओळखलं. गडचिरोलीहून येताना ती टप्पा बदलायच्या आधीच्या फाट्यावर उतरायची आणि पुढचं अंतर चालत यायची. कंडक्टर हात जोडायचा, "बसा ना ताई, उन्ह लय हाये." ती म्हणायची, "टप्पा लागते ना जी!" शेवटी आमच्या चौकातल्या सायकलवाल्या चाचांनी तीन मोडक्या सायकली एकत्र करून तिला एक उभी करून दिली. चाचा पैसे घेईनात, ती फुकट घेईना. मग तोडगा निघाला. बाजाराच्या दिवशी ती चाचांच्या दुकानात बसून लोकांच्या सायकलीत हवा भरून द्यायची. त्या दिवशी गावातल्या सगळ्यांच्याच चाकांतली हवा कमी व्हायची, ही वेगळी गोष्ट.

हे सगळं बघून बायकांनी एकमतानं ठरवलं की पोट्टीचं घर फार गरीब आहे. एकदा आमच्या घरी बोलावून तिची ओटी भरली. नारळ, खण, चांगला अख्खा तांदूळ. तिनं पदर नव्हता म्हणून ओढणीत घेतलं, सगळ्यांच्या पाया पडली आणि त्याच संध्याकाळी तो तांदूळ शिजवला. दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोला विचारते, "काकू, हे अजून कवा होते?"

आणि एवढं वाचवून पैसा जायचा कुठं? माझ्या मीटरमध्ये! तेव्हा परदेशी फोनच्या एका मिनिटाला रोवणीवर, म्हणजे भातलावणीवर, जाणाऱ्या बाईची दिवसभराची रोजी जायची. माझी बायको म्हणाली, तिचा तिकडं कोणी असेल, लग्न ठरलं असेल. मीही मान डोलावली. जवान पोरगी दर रविवारी पाचच्या ठोक्याला फोन करते, दुसरं काय असणार?

केबिनची काच पातळ होती. भाषा मला ओ की ठो कळत नसे, पण सुरुवात दर वेळी तिच्या नावानं व्हायची एवढं कळत होतं. नाव सांगायची, थांबायची, मग हसून भराभरा बोलत सुटायची. दिवाळीपर्यंत नाव एकदा सांगून भागत होतं. मग दोनदा सांगावं लागू लागलं, मग तीनदा. संक्रांतीनंतरच्या एका रविवारी ती तिन्ही मिनिटं नुसतं नावच सांगत होती. हळू सांगितलं, मोठ्यानं सांगितलं, तोडून तोडून सांगितलं. मग घड्याळ बघून फोन ठेवला, बाहेर येऊन पैसे दिले आणि माझ्या स्टुलावर बसून राहिली.

"काय झालं जी?" मी विचारलं.

"आबा मले ओळखून नाई राह्यला," ती म्हणाली.

आबा म्हणजे तिचे आजोबा. आईबाप लहानपणीच वेगळे झालेले, हिला वाढवलं आबानं. माणूस जन्मभर तळ्यावर मासे धरणारा. तो बरा होता तेव्हा त्यानंच हिला इकडं ढकललं होतं, जा, तिकडची तळी पाहा आणि येऊन मला सांग. ही इथं आली आणि तिकडं त्याचं विसरणं वाढत गेलं. घरी आत्या होती. रविवारी त्यांच्याकडं साडेबारा झाले की ती त्याला फोनजवळ बसवायची.

"डॉक्टर म्हणे, आवाज त्याच्या कानी जात राह्यला पायजे," पोट्टी म्हणाली. "मी वापस जाईन तवा त्यानं मले ओळखलं पायजे, भाऊ. नाई तं मी कोणाकडं जाऊ?"

मला माझीच लाज वाटली. आम्ही नवराबायको तिचं लग्न लावून मोकळे झालो होतो, आणि ही पोर कनकी खाऊन म्हाताऱ्याच्या कानात आपला आवाज टिकवत होती.

पुढच्या रविवारी मी एक योजना जाहीर केली. "आजपासून साठीच्या वरच्या माणसासंगं बोललं का बिल अर्धं. सरकारी सूट हाये," मी गंभीर चेहऱ्यानं ठोकून दिलं. पोट्टी खूश. सहा मिनिटं बोलली. असे तीन रविवार गेले. चौथ्या आठवड्यात ती कागदपत्रांसाठी गडचिरोलीला गेली आणि तिथल्या बूथवर चौकशी करून आली. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "का जी भाऊ, गडचिरोलीत सरकार दुसरं हाये का?"

मी खाली बघितलं. तिनं फरकाचे पैसे टेबलावर ठेवले, मी परत सरकवले, तिनं पुन्हा ठेवले. शेवटी पंधरा दिवस दुपारी मी जेवायला गेलो की तिनं बूथ सांभाळायचा, असं ठरलं. विदेशी बाई बिल फाडून देते हे बघायला लोक मुद्दाम दुपारी फोन करायला येऊ लागले. दया करायला गेलो आणि धंदा वाढला. बायकोनं मात्र त्या दिवसापासून मिठाची गोष्ट काढली नाही.

पण खरं सांगतो, सहा मिनिटं मिळूनही काही साधलं नव्हतं. त्यातली चार ओळख पटवण्यातच जायची. पलीकडून एक थकलेला आवाज काहीतरी विचारायचा, आणि ही पुन्हा नाव सांगायची. पैशानं मिनिटं वाढत होती, आबा वाढत नव्हता.

अशाच एका रविवारी बाई मच्छीची रिकामी टोपली घेऊन सुटे पैसे मागायला बूथमध्ये आल्या. आत पोट्टी मोठमोठ्यानं नाव सांगत होती.

"एवढी काऊन वरडून राह्यली थे?" बाईंनी मला विचारलं. मी सगळं सांगितलं. बाई टोपली खाली ठेवून तिथंच बसल्या. पोट्टी बाहेर आली तशी म्हणाल्या, "काव पोट्टे, तू त्याले मी कोण, मी कोण, असं काऊन इचारतेस? म्हाताऱ्याची परीक्षा घेऊन राह्यली का?"

"मंग काय करू, बाई?"

"माह्या सासऱ्याचंही असंच झालतं. माह्यं नाव आठवे नाई, सोताच्या पोराचं आठवे नाई. इचारलं का भेवून जाय, रडे. मंग आमी इचारणंच सोडून देलं. सकाळी जाळं मांडीवर टाकलं का त्याचे हात आपोआप गाठी मारत. हात चालले का तोंड चाले. पाण्याचं बोले, मच्छीचं बोले, दिवसभर बोले."

"पण तुमी कोण, हे?"

"थे राह्यलं बाजूले. बोले ना तो आमच्यासंगं! तुहा आबा मच्छी धरे म्हणतेस, तं त्याले मच्छी सांग. नाव कायले पायजे?"

पोट्टीला ते मुळीच पटलं नाही. तिचा चेहराच सांगत होता. इतके महिने ती ज्याच्यासाठी जीव टाकत होती ते नावच सोडून द्या, असं बाई सांगत होत्या. आठवडाभर ती बाईशी धड बोलली नाही. रविवारी आली, घड्याळ ठेवलं, नंबर लावला आणि नाव न सांगताच बोलायला लागली. मी कान टवकारले. मधेच आमच्या तलावातल्या मच्छीची नावं ऐकू आली, 'मरळ', 'झिंगे'. आणि पलीकडचा आवाज! तो थकलेला आवाज कुठं गेला कोण जाणे, म्हातारा हिला बोलूच देईना. तीन मिनिटं झाली, ती घड्याळ हातात घेऊनच बाहेर आली. गाल ओले होते.

"भाऊ, थो बोलला! इचारे, जाळ्याच्या भोकातून बोट जाते का अंगठा?"

झालं, त्या दिवसापासून आमच्या गल्लीला नवा उद्योग मिळाला. पोलंडातून सवाल यायचा, बाई जवाब द्यायच्या. मरळ चिखलात किती खोल जाते, शिंगाळ्याचा काटा रुतला तर काय लावता, पाणी गढूळ असलं तर जाळं कुठून टाकता. कधी कधी बाईंनाही ठाऊक नसायचं, मग त्या तलावावरच्या म्हाताऱ्यांना विचारून यायच्या आणि वर ऐटीत सांगायच्या, "मले तं मालूमच होतं." तीन मिनिटं पुन्हा तीन मिनिटांची झाली.

एकदा मी विचारलं, "मंग आबा काय म्हणते? आता ओळखते?"

ती हसली. "त्याले वाटते, मी इथलीच हावो. मच्छी विकणारी बाई. मले म्हणे, तू आमची भाषा चांगली बोलतेस, कुठी शिकली?" आणि हसता हसताच घड्याळ मनगटावर बांधायला लागली.

उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की आमच्याकडं सगळे मिळून पाण्यात उतरतात. रीत अशी की ज्याचे पाय भिजले त्याला हिस्सा, मग तो पाहुणा का असेना. पोट्टी सकाळपासून कमरेपर्यंत चिखलात होती. तिच्या हिश्श्याला दोन मरळी आणि पसाभर बारीक मच्छी आली. दुसरं कोणी असतं तर तळून खाल्ली असती. ही बाईशेजारी बाजारात बसली, पळसाच्या पानांवर वाटे लावले आणि ओरडायला लागली, "घ्या जी मरळ, सकाळचीच हाये!" चाचांनी दोन वाटे घेतले आणि घासाघीस करून भाव पाडायला गेले, तर तिनं त्यांनाच गप्प केलं. त्या रविवारी तिनं घड्याळ मनगटावरून काढलंच नाही. अख्खा तलाव तिनं आबाला फोनवर सांगितला. मी मीटरकडं पाठ करून बसलो होतो.

मे महिन्यात ती गेली. बाईंनी सुकवलेले झिंगे बांधून दिले, आणि अर्धवट विणलेलं जाळं दिलं, सुईसकट. गाडी यायच्या आधी पोट्टीनं बाईचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "बाई, थो ओळखन का मले?"

हो म्हणायला बाईंचं काय जात होतं? मी तर हो म्हणून मोकळा झालो असतो. पण बाई म्हणाल्या, "नाई ओळखलं तं रडजो नको. जवळ जाऊन बसजो." पोट्टी गाडीत चढली. चाचा तिची सायकल ढकलत दुकानाकडं घेऊन गेले.

दोन महिन्यांनी पत्र आलं. अक्षर मोठं, देवनागरी, बोली आमची. मी बाईंच्या ओट्यावर बसून वाचून दाखवलं. आबानं तिला ओळखलं नव्हतं. दारात बघून आत्याला विचारलं, ही कोण पाहुणी? आणि उठून तिला बसायला खुर्ची दिली. ती जाळं घेऊन त्याच्याजवळ बसली, त्यानं जाळं हातात घेऊन गाठीही मारल्या, पण रविवार आला तसा साडेबाराला केस विंचरून फोनजवळ जाऊन बसला. ही काही बोलायला लागली तर म्हणाला, चूप राहा, इंडियातून फोन येणार आहे. फोन कुठून येणार? फोन करणारी तर शेजारी बसलेली. त्या दिवशी म्हातारा जेवला नाही.

पुढच्या रविवारी ती घराबाहेर पडली आणि गल्लीच्या टोकाला फोनची पेटी होती तिथून घरी फोन लावला. पेटीच्या काचेतून घर दिसत होतं म्हणे. तिनं आमच्या तलावाची हालहवाल सांगितली, आबा पोटभर बोलला, आणि ती घरी आली तेव्हा तिलाच सगळं पुन्हा सांगत बसला. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, "माह्याजवळचं सांगून सरलं. बाई, तलावाचं काय चालू हाये थे लिहून पाठवा."

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी बाई सांगायच्या आणि मी लिहायचो. कोणाचं जाळं फाटलं, बगळे किती आले, कोणाच्या हातून मरळ निसटली. परदेशी पत्राचं तिकीट माझ्या खिशातून. बाई एका ओळीसाठी दहा वेळा खोडायला लावायच्या, मी वैतागायचो, पण मजकूर खरा असावा यावर त्या अडून बसायच्या. पाणी घोट्याला असेल तर गुडघ्याला लिहू द्यायच्या नाहीत. असं दीड-दोन वर्षं चाललं.

मग एक पत्र हिवाळ्यात आलं. त्या वर्षी आमच्याकडं पाऊस धड झाला नव्हता. बाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी वाचलं.

"बाई, भाऊ, या रविवारी बाहीर लय बर्फ होता. मी फोनवर आबाले तुमी लिहून पाठवलेला शिंगाळ्याचा किस्सा सांगतला. थो हसला. मंग आपल्याच मनानं म्हणे, माही एक नात हाये. तळे पाहाले लय दूर गेली. अजून आली नाई. अन् त्यानं माह्यं नाव घेतलं. लाडाचं नाव, जे कोणालेच मालूम नाई. मी इचारलं, आठवण येते का तिची? म्हणे, रोज येते. म्हणे, ती आली का तुह्यासंगं तिचं बोलणं करून देईन. मी हो म्हटलं."

मी पत्राची घडी घातली. बाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि लुगड्याच्या पदरानं डोळे पुसले.

"लिवा जी," त्या म्हणाल्या.

मी कागद मांडीवर घेतला. "काय लिवू?"

"तलाव भरला म्हना. काठोकाठ भरला."

मी मान वर करून बघितलं. ओट्यावरून तलाव दिसत होता. मधली माती वाळून फाटली होती आणि तिच्यावर गुरं चरत होती.

"अन् मरळ?" मी विचारलं.

"हातभर लांब," बाई म्हणाल्या. "लिवा. लय मच्छी हाये म्हना यंदा."

मी लिहीत गेलो.